यॉर्कच्या ट्युब्याची नक्कल

कोरपन्यात लग्नाच्या वरातीत बँड येतो, तेव्हा छातीत घुमणारा खर्ज मोठ्या पितळी वाद्यातून निघतो. ट्युबा हे त्याच कुळातले.

या वाद्याचा दंतकथा बनलेला नमुना शिकागोच्या वाद्यवृंदाकडे आहे. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने तो घडवला. अरनॉल्ड जेकब्स यांनी 1944 ते 1988 या काळात शिकागोत ट्युबा वाजवला आणि यॉर्कचा आवाज जगभर गाजला. पुढे स्वित्झर्लंडच्या हिर्सब्रुनरने आणि जपानच्या यामाहाने त्यावरून नवे ट्युबे बनवले.

नक्कल अवघड का? सुमारे 5 मीटर लांबीच्या नळीतली हवा ओठांच्या थरथरीने कंप पावते. नळी कुठे किती रुंदावते यावर वरचे स्वर एकमेकांशी जुळतात की नाही, हे ठरते. थोडा फरक पडला तरी एखादा स्वर चढतो किंवा उतरतो. म्हणून नुसती लांबी मोजून भागत नाही.

मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर हे जाणतात. भोपळा मापाचा निवडता येतो. घोडीवर तार गुंजवणारी जवारी मात्र कानाने ऐकत, हातानेच काढावी लागते.