प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी निवासी संशोधन-समुदाय : स्वरूप आणि शक्यता

पर्वत पाटिया हा सुरत शहराच्या पूर्वेकडील परिसर. लिंबायत, डिंडोली, उधना या लगतच्या वस्त्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. लूम, एम्ब्रॉयडरी आणि साड्यांचा बाजार यांवर येथील घरे चालतात. महानगरपालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी, उडिया, तेलुगू व इंग्रजी माध्यमांची सोय आहे. अशा शाळेतून पदवीच्या प्रथम वर्षाला आलेल्या मुलाचा शेवटचा तास संपला की बहुधा महाविद्यालयाशी असलेला त्याचा संबंधही त्या दिवसापुरता संपतो. तो कामावर जातो किंवा दाटीच्या घरी परततो. वर्गात ऐकलेल्या विषयावर रात्री बोलायला तेथे कोणी नसते. निवासी संशोधन-समुदायाची कल्पना याच उरलेल्या वेळेशी निगडित आहे.

संकल्पना आणि अनुभव

या पद्धतीत नव्याने आलेले विद्यार्थी एकाच वसतिगृहात राहतात. प्रत्येक जण एखाद्या प्राध्यापकाच्या चालू संशोधनात आठवड्याचे ठरावीक तास मदत करतो आणि वरच्या वर्गातील अनुभवी विद्यार्थी त्याच्या पाठीशी असतो. पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनात सहभागी करून घेण्याचा संघटित उपक्रम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली सुरू केला. मिशिगन विद्यापीठाने १९८९ मध्ये तो मार्ग स्वीकारला, पण हेतू वेगळा होता. कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून जात होते, ते टिकावेत, ही त्यामागची प्रमुख प्रेरणा. पुढे तेथे प्रथम वर्षासाठी वसतिगृहाशी जोडलेला संशोधन-समुदायही उभा राहिला.

मिशिगनच्या उपक्रमावर १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. संशोधनात सहभागी झाल्याचा लाभ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत अधिक ठळकपणे दिसला. मात्र प्रथम वर्षापेक्षा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांवर त्याचा परिणाम जास्त आढळला. मग प्रथम वर्षाचा आग्रह कशासाठी? शंका रास्त आहे. नवखा विद्यार्थी प्रयोगशाळेत नोंदी घेतो, पण त्या कशासाठी घ्यायच्या हे त्याला उमगत नाही, आणि प्राध्यापकांना विचारायचा धीर होत नाही. तोच प्रश्न तो रात्री जेवताना शेजारच्या मुलाला सहज विचारतो. म्हणूनच प्रथम वर्षाला नुसता प्रकल्प देऊन भागत नाही. त्याला सहवासाची जोड लागते.

आपल्याकडील जवळचे उदाहरण मुंबईत मानखुर्द येथे आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय विज्ञान उपक्रम सुरू केला. विज्ञान शाखेचे पदवीच्या आरंभीच्या वर्षांतील विद्यार्थी सुटीत शिबिराला येऊन राहतात. निवडलेले विद्यार्थी पुढील सुट्यांतही येतात आणि वर्ष-दोन वर्षांत आपला प्रकल्प पूर्ण करतात. विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयात शिकत राहतो, हे या रचनेचे वैशिष्ट्य. पुण्यात २००६ साली स्थापन झालेल्या आयसरमध्ये संशोधनाचे वातावरण पाच वर्षे सलग मिळते, पण तेथे प्रवेश मिळणे किती विद्यार्थ्यांना शक्य आहे?

स्थानिक शक्यता

कम्युनिटी कॉलेजपाशी मोठी प्रयोगशाळा नसते. मात्र प्रश्न दाराशीच असतात. पर्वत पाटिया परिसरात खाडीचे पाणी पावसाळ्यात वस्तीत शिरते. जुलै २०२४ आणि जून २०२५ मध्ये हेच घडले. पाणी कोणत्या गल्लीत आधी येते, किती चढते, किती तासांनी ओसरते याच्या नोंदी दहा विद्यार्थी एक मोजपट्टी आणि वही घेऊन करू शकतात. घरोघर विचारपूस करताना मराठी, उर्दू, उडिया जाणणारी मुले एकाच गटात असणे ही येथे मोठीच सोय ठरते. एरवी माध्यमांची हीच विविधता शिक्षकांना अडचण वाटते.

खरी अडचण रोजगाराची आहे. संध्याकाळच्या पाळीवर जाणारा मुलगा वसतिगृहात राहिला तर घरातील एक मिळकत थांबते. राहण्या-जेवणाची मोफत सोय केल्याने ती भरून निघत नाही. अशा मुलासाठी मानधनाची तरतूद आधी हवी, प्रकल्पाचा विषय नंतर ठरवता येईल. मुलींच्या बाबतीत पालक पहिला प्रश्न संशोधनाचा नव्हे, तर रात्री वसतिगृहात कोण असते याचा विचारतात. गृहपाल म्हणून एखादी शिक्षिका तेथेच राहत असेल, तर निम्मे संभाषण सोपे होते.

वर्षभर निवास न परवडणाऱ्या संस्थेला मानखुर्दप्रमाणे सुटीचा मार्ग मोकळा आहे. दिवाळीत सुरतेतील लूम आणि कापडबाजार काही दिवस बंद असतात, कारागीर गावी जातात आणि वसतिगृहेही रिकामी होतात. त्या दिवसांत विद्यार्थ्याची मजुरी बुडत नाही. पावसाळ्यात घेतलेल्या नोंदी तेव्हा एकत्र मांडून तपासता येतात. अर्थात, त्यासाठी दोन-तीन शिक्षकांना आपली दिवाळीची सुटी अर्धी करावी लागेल, आणि तिची बदली रजा देण्याची तयारी संस्थेने आधीच लेखी दाखवावी लागेल.