वाटी-चमच्याचा उपचार

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्याच्या आसपास गोदामांचा जो अफाट पसारा मांडला गेला आहे, त्याच्या आडोशाला राहणाऱ्या हमालाचे मूल असो की जुन्या गावकऱ्याचे नातवंड, त्याला ऐन पावसाळ्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या म्हणजे दवाखान्यात पहिली मागणी होते ती बहुधा सलाईनची. कारण बाटली टांगल्यावाचून इलाज झाला असे आपल्या मनास पटतच नाही. वस्तुतः या वयातील अतिसार पुष्कळदा रोटाव्हायरससारख्या विषाणूंचा असतो, त्यांच्यापुढे प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही, आणि मुलाच्या जिवावर बेतते ते शरीरातून वाहून जाणाऱ्या पाण्यामुळे व क्षारांमुळे.

हे पाणी तोंडावाटे परत देता येते, याचे कारण आतड्याच्या एका विलक्षण व्यवस्थेत आहे. रोगग्रस्त आतडे नुसते मीठ-पाणी नीट शोषून घेत नाही. परंतु मिठातील सोडियमला ग्लुकोजची योग्य प्रमाणात सोबत मिळाली, की दोघे एकाच दाराने पेशीत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग येथे मांडलेल्या या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती 1971 साली, बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीने थैमान घातले तेव्हा. शिरेतून द्यावयाचे द्रावण संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून ते रुग्णांच्या आप्तांच्याच हाती सोपवले, आणि शेकडा 30 च्या घरात गेलेले मृत्यू शेकडा 4 च्या खाली उतरले. शास्त्राने आपला अंमल इतक्या निःसंकोचपणे आईच्या हाती दिल्याची उदाहरणे विरळाच!

आशाताईंकडे मिळणारी जलसंजीवनी म्हणजे तेच द्रावण, थोडे सुधारलेले. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात ते कालवावे व 24 तासांत संपवावे. वरून साखर घालू नये, कारण अतिगोड द्रावण आतड्यात उलट पाणी ओढते. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, तेही चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा आरंभ करावा. अंगावरचे दूध तोडू नये. वरचे अन्न खाणाऱ्यास पेज, मऊ भात चालू ठेवावा. मात्र डोळे खोल गेले, मूल मलूल पडले, पिणेच सोडले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती तजवीज करीत न बसता भिवंडीचे इंदिरा गांधी रुग्णालय गाठावे. सलाईनचे खरे स्थान तेथे आहे.

महाराष्ट्रात 2019 पासून नियमित लसीकरणात असलेले रोटाव्हायरसचे थेंब सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पाजतात. आजारात दिलेली झिंकची गोळी जुलाब थांबल्यावरही 14 दिवस पुरी करावयाची असते, आणि पाचव्या दिवशी मूल अंगणात खेळू लागले, की घराला नेमका तिचाच विसर पडतो.