बोलक्या रेषांचे लेखक : राम मोहन

मुंबईच्या उपनगरांपैकी गोरेगावचे नाव चित्रपटसृष्टीशी फार निकटचे जोडलेले आहे. १९४३ साली तेथे फिल्मिस्तान ही चित्रसंस्था उभी राहिली. पुढे १९७७ साली आरेच्या हिरव्या टेकड्यांलगत शासनाने चित्रनगरी वसविली आणि २००१ साली तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांना सारेच ओळखतात. परंतु निर्जीव वस्तू पडद्यावर चालत्या करण्याचा प्रयोगही त्यांनी केला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १९१५ च्या सुमारास त्यांनी आगपेटीतील काड्या जराजरा सरकवून त्यांची छायाचित्रे घेतली आणि ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटासा चित्रपट तयार केला.

या कलेचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत सुरू होण्यास त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे लागली. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजन या संस्थेने व्यंगचित्रपटांचा एक स्वतंत्र विभाग काढला. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स हे कलावंत तेथील तरुणांना शिकविण्यासाठी अमेरिकेहून आले. या तरुणांत राम मोहन हे एक होते. त्यांचा जन्म १९३१ सालचा. ते रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते. त्या शास्त्रात त्यांना स्थिर आयुष्यक्रम मिळाला असता. परंतु रेषांचे वेड त्यांना स्वस्थ बसू देईना. १९५६ साली ते या विभागात दाखल झाले. तेथे ते केवळ चित्रेच काढीत नसत. चित्रपटाची संहिताही लिहीत.

व्यंगचित्रपटाची संहिता लिहिणे हे काम वाटते तितके सोपे नाही. पडद्यावरून एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. एकच चित्र दोनदा वापरले, तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात. म्हणजे एका मिनिटास ७२० आणि दहा मिनिटांच्या गोष्टीस ७,२०० ! त्या काळी यांतील प्रत्येक चित्र हातानेच काढावे लागे. कागदावर रेखाटलेले पात्र पारदर्शक पत्र्यावर उतरवीत, रंगवीत आणि मागील देखाव्यावर ठेवून त्याचे छायाचित्र घेत. लेखकाने एक वाक्य अधिक लिहिले, तर चित्रकारांना शेकडो चित्रे अधिक काढावी लागत. म्हणून असा लेखक आधी लहानलहान चित्रांत गोष्ट मांडतो, ती क्रमाने भिंतीवर लावतो आणि जे चित्र काढून टाकले तरी गोष्ट अडत नाही, ते काढून टाकतो. जे डोळ्यांना दिसते, ते तो पात्राच्या तोंडी घालीत नाही.

ही काटकसर राम मोहन यांच्या अंगवळणी पडली. ‘होमो सॅप्स’ या त्यांच्या व्यंगचित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १९७२ साली स्वतःची संस्था स्थापन केली. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या १९७७ च्या चित्रपटातील व्यंगचित्रांचा भाग त्यांनीच तयार केला. जपानी आणि भारतीय कलावंतांनी मिळून रामायणावर जो चित्रपट १९९२ साली पूर्ण केला, त्याच्या दिग्दर्शकांत राम मोहन होते.

मात्र मुलांच्या मनात त्यांना कायमचे स्थान मिळाले ते मीनामुळे. दक्षिण आशियातील अनेक मुलींना शाळेचे दार बंद होते. त्यांची बाजू लोकांसमोर मांडावी, म्हणून युनिसेफ या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात या मालिकेचे काम हाती घेतले. मीनाला रूप दिले राम मोहन यांनी. नाना देशांतील लेखक आणि जाणकार यांनी त्यांना साहाय्य केले. ही मुलगी भारतातल्या मुलांना जशी आपली वाटावी, तशीच बांगलादेश, नेपाळ आणि पाकिस्तान येथील मुलांनाही वाटावी, अशा बेताने तिचा चेहरा, पोशाख आणि नाव ठरविण्यात आले.

एका गोष्टीत मीना झाडावर चढून आंबा उतरविते. पण घरी मोठा वाटा मिळतो तो तिचा भाऊ राजू याला. मग दोघे एक दिवस आपापल्या कामांची अदलाबदल करतात. संध्याकाळी राजू थकून जातो, आणि बहिणीचे कष्ट किती आहेत हे साऱ्या घराला कळते. दुसऱ्या एका गोष्टीत मीनाचा पोपट मिठू शाळेच्या खिडकीत बसून धडा ऐकतो व तो मीनाला शिकवितो. त्या जोरावर ती कोंबड्या मोजते, एक कमी असल्याचे तिच्या ध्यानात येते आणि चोरी उघडकीस येते. ‘मुलींना शिकवा’ असा उपदेश येथे कोणी करीत नाही. हिशेब जाणणारी मुलगी घराच्या किती उपयोगी पडते, हे पाहणाऱ्याला आपोआप दिसते. ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा आईबापांपर्यंतही ही गोष्ट पोहोचली, ती यामुळेच.

२०१४ साली भारत सरकारने राम मोहन यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. २०१९ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. आज संगणकाने चित्रे हलविण्याचे श्रम पुष्कळ कमी केले आहेत. परंतु कोणती गोष्ट सांगावी आणि तीतून काय गाळावे, हे ठरविणे आजही लेखकाच्याच हाती आहे.