हळद नव्हे, लसूण!

मांजर जखमी होऊन आले की घरात पहिला हात जातो तो हळदीच्या डब्याकडे. जखम ते चाटणारच. पण चिमूटभर हळद पोटात गेल्याने त्याला विषबाधा होत नाही. खरा धोका आहे तो कांदा-लसणात. त्यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम कांदाही बाधू शकतो. लसूण त्याहून जहाल. शिजवून वा वाळवून हे विष जात नाही. त्यामुळे रश्श्यातला मासा मायेनेही घालू नये. मांजराचा वाटा मसाला लावण्याआधीच काढून ठेवावा. लक्षणे कधी काही दिवसांनी उमटतात. हिरड्या फिकट, लघवी गडद, मांजर मलूल दिसले, तर तडक पशुवैद्य गाठावा.