पाणी ओसरते, आठवणही ओसरते

मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत एक ठरलेले दृश्य दिसते. नाल्यांच्या काठाने काळ्या गाळाचे ढीग आणि त्यातून डोकावणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, थर्मोकोल, क्वचित एखादी जुनी गादीसुद्धा! नालेसफाई किती टक्के झाली यावरून वाद रंगू लागतात आणि घरोघरी छत्र्या माळ्यावरून खाली उतरतात. याच सुमारास महापालिका आणखी एक यादी जाहीर करते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरती कोणत्या तारखेला आणि किती वाजता येणार, याची. आपल्यापैकी किती जण ती यादी कापून स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावतात?

ही यादी कंटाळवाणी खरी. पण या शहराचे सारे दुखणे तिच्यात आहे. समुद्रात भर घालून, बेटे जोडून मुंबई उभी राहिली. तिचे कितीतरी भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. एरवी पावसाचे पाणी नाल्यांतून आपसूक समुद्रात जाते. भरतीच्या वेळी मात्र समुद्रच नाल्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. अशा वेळी मुसळधार पाऊस आला, तर पाण्याने जायचे कुठे? त्यात इंग्रजांच्या काळात आखलेली गटारे तासाला सुमारे 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली. शिवाय निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असा त्यावेळचा हिशेब होता. आज मुरायला जमीन उरली आहे कुठे?

26 जुलै 2005, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. दुपारनंतरच्या काही तासांत तर आभाळच फाटले. आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात? अवघा 73 मिलिमीटर! म्हणजे दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना उपनगरात काय चालले आहे याची कल्पनाच नव्हती. नेहमीप्रमाणे ती घरी जायला निघाली आणि वाटेत अडकली. लोकल थांबल्या, टेलिफोन मुके झाले. मिठी नदीने कुर्ला, कलिना, वांद्रे या भागांत आपली गिळलेली जागा परत मागितली. ‘मिठी नावाची नदी मुंबईत आहे’ हे अनेक मुंबईकरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले! मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. काही जण तर बंद मोटारीत, काचा उघडता न आल्याने गेले.

हे सारे अनपेक्षित होते, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. 1985 साली मुंबई अशीच तुंबली होती. त्यानंतर अभ्यास झाला आणि 1993 मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाचा अहवाल तयार झाला. पर्जन्यवाहिन्यांची क्षमता तासाला 50 मिलिमीटरपर्यंत वाढवा, समुद्राच्या तोंडाशी पाणी उपसणारी उदंचन केंद्रे बांधा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पुढली बारा वर्षे त्यातले बरेचसे काम कागदावरच राहिले. मग 2005 चा जुलै उजाडला. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि जुना अहवाल पुन्हा टेबलावर आला.

त्यानंतर पालिका हातावर हात ठेवून बसली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध अशी उदंचन केंद्रे उभी राहिली. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसली. त्यामुळे आता कुलाब्याचा पाऊस पाहून अंधेरीचा अंदाज बांधावा लागत नाही. हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या भागातले पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या गेल्या. मुख्यालयातला आपत्कालीन कक्ष रात्रंदिवस जागा असतो. तेथून अग्निशमन दल, पोलीस, रुग्णालये, रेल्वे आणि वेधशाळा यांच्याशी थेट संपर्क असतो. 1916 हा क्रमांक फिरवला की तक्रार तिथे पोहोचते.

पण यंत्रणा कितीही सज्ज असली, तरी गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसापर्यंत ती पोहोचायला वेळ लागतोच. तो पहिला तास शेजाऱ्यापाजाऱ्यांचा असतो. 2005 साली रेल्वेरुळांवरून चालत निघालेल्यांना अनोळखी वस्त्यांनी चहा-बिस्किटे दिली, रात्रीपुरता आसरा दिला. तो मुंबईचा गुण खराच. मात्र नुसत्या चांगुलपणाने भागत नाही. पाणी लवकर जावे म्हणून कुणीतरी भल्या मनाने रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण उघडतो आणि गढूळ पाण्याखाली तेच भोक मृत्यूचा सापळा बनते. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात घराकडे चालत निघालेल्या एका डॉक्टरांचा असाच बळी गेला. पुढे मॅनहोलच्या झाकणाखाली जाळ्या बसवण्याची मोहीम सुरू झाली. जाळी बसवणे हे पालिकेचे काम. झाकण न उघडणे हे आपले.

मुंबईच्या ‘स्पिरिट’चे गोडवे आपण फार गातो. दुसऱ्या दिवशी लोकल पकडून कामावर जाण्यात कौतुक आहे, पण त्यात विसरण्याची सोयही आहे. पाणी ओसरते, भिंतीवरची ओल वाळते आणि त्याबरोबर प्रश्न विचारायची इच्छाही वाळून जाते. 1993 च्या अहवालाला बारा वर्षे धूळ खावी लागली, ती केवळ अधिकाऱ्यांमुळे नव्हे. नाल्यात पिशवी भिरकावणारे हात आपलेच होते आणि ऑक्टोबरच्या उन्हात नाल्यांबद्दल नगरसेवकाला जाब न विचारणारेही आपणच.

तेव्हा या रविवारी एवढे तरी करू या. भरतीची यादी भिंतीवर लावू. घरातल्या लहानग्यांना 1916 पाठ करायला लावू. इमारतीतले एकटे राहणारे आजी-आजोबा कोण, तळमजल्यावर आजारी कोण, हे एका कागदावर लिहून ठेवू. आणि पुढच्या उन्हाळ्यात गाळाचे ढीग दिसले, की नुसते नाक न मुरडता विचारू, हा गाळ उचलणार कधी? पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा नाल्यातच जाणार असतो.