पातेरा जाळायचा की कुजवायचा?

शिमगा जवळ आला की आपल्या आंगणात, परड्यात, काजूच्या बागेत पातेऱ्याचा खच पडतो. तो झाडायचा, टोपल्या भरायच्या, डोक्यावरून कुणग्यात न्यायच्या, हे काम बहुतेक घरांत आपलेच. एवढ्या मेहनतीने गोळा केलेल्या पातेऱ्याचे पुढे काय होते? बराचसा काडी लावून जातो. आजचे बोलणे त्याबद्दल आहे.

आधी भाजावळीची बाजू ऐकूया, कारण आपल्या आज्या-पणज्या वेड्या नव्हत्या. तरव्याच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा, गवत पसरून राब भाजला की वरच्या मातीतले तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळतो, माती भुसभुशीत होते आणि तरवा जोमाने येतो. हा राब इतका महत्त्वाचा होता की 1880 च्या दशकात इंग्रज सरकारच्या जंगल खात्याने कवळ तोडण्यावर बंधने आणली तेव्हा ठाणे-कुलाबा भागातल्या शेतकऱ्यांनी गाऱ्हाणी केली आणि सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून भाजावळ म्हणजे अडाणीपणा, असे मी म्हणणार नाही. पण हिशेब पाहा. जाळल्यावर राख उरते. पाल्यातला आणि शेणातला नत्र, म्हणजे ज्यासाठी आपण युरियाची गोणी आणतो तोच, धुरातून निघून जातो. मातीला धरून ठेवणारा कुजका भागही जातो. शिवाय वारा फिरला की ठिणगी शेजारच्या काजूत जाते. वणव्यात जळलेली कलमे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

आपल्या मातीला या कुजक्या भागाची गरज जास्त का, तेही समजून घेऊ. जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि तोही चार महिन्यांत. जांभ्याची माती या पाण्यात वर्षानुवर्षे धुतली जाऊन आंबट झाली आहे. तिच्यात लोह भरपूर, आणि ते लोह आपण घातलेले स्फुरद पकडून ठेवते, पिकाला सहज देत नाही. किनाऱ्यालगतच्या पुळणीच्या जमिनीत तर पाणीच ठरत नाही, मग खत कुठून ठरणार? जुलैच्या सरीत टाकलेला युरिया व्हाळातून खाडीला मिळतो. कुजलेले खत मातीत असले की ते पाणी आणि अन्न दोन्ही धरते, थोडे थोडे सोडते. मात्र आपल्या उष्ण, दमट हवेत ते लवकर संपतेही. म्हणून एकदा घातले आणि पाच वर्षे पाहिले नाही, असे चालत नाही.

कुजवण्याचे शास्त्र नवे नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला काम करून 1931 साली शेतातल्या टाकाऊ मालाच्या खतावर पुस्तक लिहिले. पुढे आपल्याच राज्यात, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करायची पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ झाली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकी, भिंतीला हवेसाठी भोके. आपल्याकडे विटांऐवजी चिऱ्याची, मध्ये फटी ठेवून बांधता येते. एका टाकीला शेण लागते जेमतेम शंभर किलो, आणि तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. ‘गोरवां इकली, आता शेण खयसून आणूचा?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, त्याला हे उत्तर आहे. रोजगार हमीच्या कामांत ही टाकी बसते. ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाकडे चौकशी करा.

टाकी नसली तरी अडत नाही. सावलीत, उंचवट्यावर नुसता ढीग रचा. चार फूट रुंद, चार-पाच फूट उंच, लांबी मालाप्रमाणे. तळाला चुडताचे दांडे किंवा जाड काटक्या आडव्या-उभ्या घाला, खालून हवा खेळते. वर वीतभर पातेरा, त्यावर हिरवे काही: बांधावरच्या गिरीपुष्पाचा पाला, भाजीची देठे, केळीचे खुंट चिरून. मग शेणकाला शिंपडायचा आणि मूठ-मूठ माती भुरकायची. असेच थर चढवत जायचे. तीन टोपल्या सुक्याला एक टोपली ओले, हा अंदाज धरा. शेण नसेल तर कुणाच्या गोबरगॅसची मळी आणा. झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानच्या कामामुळे आपल्या जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत. काजूचे पान चिवट असते. ते रात्रभर भिजवून, पायाखाली तुडवून घातले तर बरे, नाहीतर सगळे कुजते आणि तेवढेच उरते.

ओल किती? आतला माल मुठीत दाबा. हात ओला झाला पाहिजे, पण पाणी ठिबकता नये. ढिगात एक लोखंडी सळी खुपसून ठेवा. चार-पाच दिवसांनी काढली की हाताला चटका बसायला हवा. गरम झाला नाही तर ओल किंवा हिरवा माल कमी. कुबट वास आला तर पाणी जास्त, सुका पातेरा मिसळा. दर पंधरा दिवसांनी ढीग उलटायचा, बाहेरचा माल आत. उलटण्यापूर्वी काठीने ठोका, कारण अशी ऊब जनावरांना, विंचवाला आवडते.

खरी अडचण पाण्याची. फाल्गुनात विहिरी खाली जातात आणि घागर पुन्हा आपल्याच कमरेवर. म्हणून माझे मत असे, की मोठा ढीग भातकापणीनंतर लावावा. तेव्हा पेंढ्याचा चुरा असतो, हिरवे तण असते, जमिनीत ओल असते. शिमग्याचा पातेरा साठवून त्याचा लहान ढीग करा आणि त्याला तांदूळ धुतलेले, मासळी धुतलेले, गोठा धुतलेले पाणी द्या. फेब्रुवारीत लावलेला ढीग पाणी मिळाले तर मृगापर्यंत तयार होतो.

मालवण-देवबागकडच्या बायका विचारतात, मासळीच्या घाणीचे काय? तारली नारळाच्या मुळात पुरायची रीत किनाऱ्यावर जुनीच. डोकी, आतडी, खवले यांत नत्र आहे, काट्यांत स्फुरद आहे. पण ती ढिगाच्या पोटात घाला, वर-खाली जाड पातेरा आणि माती, नाहीतर कुत्री ढीग उपसतात. खारवलेल्या मासळीचा माल मात्र नको, मीठ मुळांना मारते. सोडणे ढिगात लवकर कुजत नाहीत. ती नारळाच्या बाजूला चर खणून, पोकळ बाजू वर करून पुरा. पावसाचे पाणी धरून ठेवतात.

वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घरातच कचरा वेगळा करायला लावून जुन्या कचराभूमीवर खत आणि बायोगॅस सुरू केला. ती जागा आता लोक पाहायला जातात. आपल्या ढिगालाही नियम तोच: गुटख्याच्या पुड्या, काच, जाळ्याचे तुकडे त्यात जाता कामा नयेत.

पाऊस लागला की ढिगावर झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर हवेच. उघड्या गायरीतले सत्त्व पहिल्या पंधरवड्यात वाहून जाते.

शेतात गुंठ्याला शंभर किलो, म्हणजे भरलेल्या चार-पाच टोपल्या, शेवटच्या नांगरटीला मातीत मिसळा. वर पसरून ठेवू नका. जो ढीग कधी तापलाच नाही, त्यातले खत तरव्याला घालू नका, तणाचे बी जिवंत असते. ते काजूला, नारळाला द्या. आणि पहिल्याच वर्षी युरिया बंद करू नका. एक टन खतात साधारण पाच ते दहा किलो नत्र असतो, युरियाच्या 45 किलोच्या गोणीत वीस किलोच्या वर. निम्म्या शेतात खत आणि कमी युरिया, निम्म्यात नेहमीप्रमाणे, असे दोन वर्षे पाहा. कापणीला दोन्हीकडचे भात वेगळे मोजा.

गटाने ढीग लावायचा असेल तर दोन गोष्टी आधी वहीत लिहा: कोणी किती टोपल्या माल आणला, कोणी किती घागरी पाणी घातले. खत वाटताना मग भांडण होत नाही. ज्यांच्या नावावर जमीन नाही, पण ओझी वाहिली, त्यांचाही वाटा टोपल्यांत किंवा पैशांत त्याच वहीत धरा.