होडी कमी चालली, मग इंजिनाची सर्व्हिसिंग कशाला?

मे महिना सरत आला की कर्ली खाडीच्या काठावर होड्या वर ओढायची गडबड सुरू होते. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. आमची पर्यटकांना फिरवणारी होडी मात्र मेअखेर वर येते ती गणपती झाल्यावरच पाण्यात उतरते. यंदा ती वर ओढण्याआधी आमच्या बचत गटाच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. इंजिनाची सर्व्हिसिंग आत्ता करायची, की पुढच्या वर्षावर ढकलायची?

आमचं इंजिन पेट्रोलवरचं, चार स्ट्रोकचं, दोरी ओढून सुरू होणारं. वहीत लिहिलेले तास भरले ४३. इंजिनाच्या पुस्तकात म्हटलंय, १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आमच्यातल्या एका काकींचं म्हणणं होतं, "इंजिन चाललाच नाय, मगे झिजात कसा?" कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना हे कुणालाही पटेल. गेल्या वर्षी आम्हालाही पटलं होतं. पेट्रोल तसंच ठेवलं, इंजिनाला प्लास्टिक गुंडाळलं आणि मोकळ्या झालो. मग हंगाम सुरू होताना दोरी ओढून ओढून खांदे दुखले, इंजिन काही बोलेना. कार्बोरेटरमध्ये चिकट राळ बसली होती. दुरुस्तीचे पैसे गेलेच, पण पहिल्या सुट्टीतली गिऱ्हाइकंही दुसऱ्या होडीत बसून गेली.

म्हणून यंदा आम्ही प्रश्न वेगळा मांडला. कुठली वस्तू तासांवर झिजते आणि कुठली नुसती पडून बिघडते?

पडून बिघडणारं पहिलं म्हणजे पेट्रोल. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसात तर विचारूच नका. दुसरं इंजिन ऑइल. इथं आमचा सगळ्यांचाच समज उलटा होता. इंजिन थोडा थोडा वेळ चाललं की ते पुरतं तापत नाही. जळलेल्या पेट्रोलची वाफ आत पाणी होऊन राहते, थोडं कच्चं पेट्रोलही ऑइलात उतरतं आणि त्यातून आम्लं तयार होतात. असं ऑइल पावसाळाभर आत ठेवलं, तर ते आतल्या धातूला खात बसतं. म्हणजे कमी चालणाऱ्या इंजिनालाही ऑइल वर्षाला बदलायलाच हवं, आणि तेही होडी ठेवण्याआधी. सप्टेंबरात बदललं तर खाऊन झालेलं असतं.

तिसरं गियर ऑइल, खाली पंख्याजवळचं. ते काढताना नीट बघा. चहात दूध घातल्यासारखं दिसलं, तर सील गेलंय आणि पाणी आत शिरतंय. पंखा काढून दांड्याला जाळ्याची तंगूस गुंडाळली गेलीय का तेही बघा, कारण सील बहुतेक वेळा तिनंच कापलेलं असतं. नवं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा, नंतर खालचा. वॉशर नवे घ्यायचे, तिथं काटकसर नको.

आता थांबू शकणाऱ्या गोष्टी. प्लग काढून पाहिले, कोरडे आणि चांगले होते, पुसून परत लावले. जस्ताचा तुकडा, जो इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजतो, तो निम्म्याहून जास्त शिल्लक होता, म्हणून ठेवला. (त्याला कुणी हौसेनं रंग लावू नका. रंग लावला की त्याचं काम बंद.) थंड पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी चक्री मागच्याच वर्षी बदलली होती आणि इंजिनाच्या मागची पाण्याची धार जोरात पडत होती. ती पुढच्या वर्षी मेकॅनिकभाऊंकडून उघडून घ्यायची असं ठरलं. धार बारीक झाली, तर मात्र वर्षाची वाट बघायची नाही.

बाकीचं काम आम्हीच केलं. पंखा काढून इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं केलं, गियर न टाकता दहा मिनिटं चालवलं, म्हणजे आतलं मीठ धुऊन निघालं. पाण्याविना इंजिन क्षणभरही सुरू करू नका, ती रबरी चक्री तेवढ्यातही जळते. मग पेट्रोलची नळी काढली आणि इंजिन आपणहून बंद पडू दिलं. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू काढून उरलेले थेंबही काढले. हे सगळं उघड्यावर, चुलीपासून लांब, पदर खोचून आणि केस बांधून. काढलेलं स्वच्छ पेट्रोल लगेच गाडीत वापरलं. इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढलं, ते पटकन आणि पुरतं वाहतं. ते डब्यात भरून गॅरेजला दिलं, खाडीत ओतलं नाही. शेवटी प्लगच्या भोकातून इंजिनात मारायचं गंजरोधक तेल फवारलं, दोरी दोन-तीनदा हळूच ओढली, पंख्याच्या दांड्याला आणि निपलांना ग्रीस भरलं.

खर्च झाला दोन्ही ऑइलं, वॉशर, ग्रीस आणि फवाऱ्याचा. इंजिन आता शेडमध्ये लाकडी घोडीवर उभं आहे, आडवं नाही, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. वर प्लास्टिकऐवजी जुनं सुती लुगडं घातलंय, ते त्याच काकींनी दिलं. दर पंधरवड्याला एकीनं जाऊन उंदरांनी नळ्या कुरतडल्या नाहीत ना हे बघायचं, आणि वहीत सही करायची.